२०० पैकी २१४ गुण कसे? स्पर्धा परीक्षांतील तंत्रज्ञानाविषयी वाचकांचे प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या आयोजनात संगणक, बायोमेट्रिक तपासणी आणि ऑनलाइन प्रक्रिया यांचा वापर वाढत असल्याने त्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे देताना मी एक कसोटी समोर ठेवली आहे, ती आधीच सांगतो. गैरप्रकार किंवा चूक झाली तर ती नंतर सिद्ध करता येईल अशी नोंद त्या व्यवस्थेत राहते का, आणि ती नोंद परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेखेरीज दुसऱ्या कोणाला तपासता येते का, एवढेच मी पाहतो.

प्रश्न : २०२३ च्या तलाठी भरतीच्या गुणवत्ता यादीत काहींना २०० पैकी २१४ गुण दिसले. पेपरच २०० गुणांचा असताना हे कसे शक्य आहे? माझे स्वतःचे गुणही उत्तरतालिकेवरून मोजले त्यापेक्षा वेगळे निघाले. हा घोटाळा समजायचा का? (एक उमेदवार, नेवासा)

उत्तर : केवळ २१४ या आकड्यावरून घोटाळा झाला असे म्हणता येत नाही, मात्र तो आकडा ज्या रीतीने लोकांसमोर आला, त्यामुळे संशय निर्माण झाला असेल तर दोष उमेदवारांचा नाही.

त्या भरतीसाठी सुमारे १० लाख ४१ हजार अर्ज आले होते. एवढ्या उमेदवारांना एकाच वेळी बसवता येतील इतके संगणक राज्यातील परीक्षा केंद्रांवर उपलब्ध नसल्याने १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात ५७ सत्रांत परीक्षा झाली, म्हणजेच ५७ वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका वापरल्या गेल्या. त्या सर्व अगदी सारख्या काठिण्याच्या असणे अशक्य असते. त्यामुळे निरनिराळ्या सत्रांतील गुण एका मापावर आणावे लागतात, यालाच सामान्यीकरण किंवा नॉर्मलायझेशन म्हणतात.

हे करण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली पर्सेंटाइलची. समजा, सकाळच्या आणि दुपारच्या सत्रांना प्रत्येकी ४०,००० उमेदवार बसले. सकाळी ज्याला १३० गुण मिळाले, त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळवणारे, तो स्वतः धरून, ३६,००० आहेत. दुपारी हेच स्थान १४४ गुण मिळवणाऱ्याचे आहे. दोघांचेही पर्सेंटाइल, म्हणजे आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण, ९० होते आणि दोघे समान पातळीवर मानले जातात. आपल्या एमएचटी-सीईटीत आणि जेईई मेनमध्ये ही रीत वापरतात, आणि बरोबरीत येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतात.

दुसरी रीत स्थानाऐवजी गुणांवरच काम करते. प्रत्येक सत्रातील सरासरी आणि गुणांचा पसारा, तसेच त्या सत्रातील अगदी वरच्या ०.१ टक्का उमेदवारांची सरासरी, हे टप्पे काढले जातात. हेच टप्पे सर्व सत्रांतील उमेदवार एकत्र धरूनही काढतात, आणि सत्राची मोजपट्टी सरकवून व ताणून सामायिक मोजपट्टीशी जुळवतात. अवघड सत्रातील मोजपट्टी वरच्या बाजूला ताणली जाते. त्या सत्रात एखाद्याने मुळातच १९५ च्या आसपास गुण मिळवले असतील, तर ताणल्यानंतर ते २०० च्या पुढे जातात, कारण पेपर कमाल किती गुणांचा आहे ही मर्यादा त्या सूत्रात नसते. गणिताच्या दृष्टीने यात विसंगती नाही. ज्याला २०० पैकी २१४ दिसतात, त्याने २१४ गुणांची उत्तरे लिहिलेली नसतात. सामायिक मोजपट्टीवर त्याचे स्थान तेवढे वर गेले, इतकाच त्याचा अर्थ असतो.

तरीही या रीतीवर माझा आक्षेप आहे. ती दोन गृहीतकांवर उभी असते: प्रत्येक सत्रातील उमेदवारांची एकूण कुवत साधारण सारखी आहे आणि सत्रवाटप यादृच्छिक झाले आहे. ही गृहीतके त्या परीक्षेत खरी होती की नाही, हे बाहेरच्या माणसाला पडताळता यायचे असेल तर प्रत्येक सत्राला किती उमेदवार बसले, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (गुणांच्या पसाऱ्याचे माप) किती होते आणि वरच्या ०.१ टक्क्याची सरासरी किती होती, हा तक्ता निकालासोबत जाहीर व्हायला हवा. ५७ ओळींचा तो तक्ता एका पानावर मावतो. तो हाती असेल तर आपल्यासारख्या उमेदवाराला साध्या कॅल्क्युलेटरवर स्वतःचे गुण पडताळून पाहता येतील. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाने २०२५ मध्ये सरासरीवर आधारलेली रीत बाजूला ठेवून समपर्सेंटाइल पद्धत स्वीकारली. तीत एका सत्रातील स्थान दुसऱ्या, आधारभूत सत्रातील त्याच स्थानाच्या गुणांशी जोडले जाते, त्यामुळे कमाल गुणांची मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न उरत नाही. आपल्याकडील सरळसेवा भरतीतही ही पद्धत आणावी असे मला वाटते. लाखो उमेदवारांना ज्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, तो आकडा यादीत छापण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षे केंद्र संचालक म्हणून काम केले आहे. सीलबंद पाकीट, कस्टडी, पाकीट उघडण्यापूर्वी वर्गातील दोन परीक्षार्थींच्या सह्या ही आमची पद्धत होती. आता सर्व काही संगणकावर नेले की पेपरफुटी थांबेल, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? (निवृत्त मुख्याध्यापक, करमाळा)

उत्तर : पूर्णपणे खरे नाही. संगणकामुळे पेपरफुटीची एक वाट बंद होते, पण दुसरी उघडी राहण्याची शक्यता असते.

कागदी प्रश्नपत्रिका रचणारा, अनुवादक, छापखाना, वाहतूक, बँकेतील लॉकर, केंद्रावरील कपाट आणि शेवटी वर्ग अशा अनेक हातांतून जाते. ५ मे २०२४ रोजी झालेली वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ४,७५० केंद्रांवर दिली. त्या परीक्षेत झारखंडमधील हजारीबाग येथील एका शाळेत पेटीतून प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दिवशी सकाळी बाहेर आली आणि पाटण्यापर्यंत पोहोचली. हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटला यात वाद नाही, मात्र संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगले असे दाखवणारा पुरावा समोर आलेला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षेची मागणी नाकारली. ४,७५० ठिकाणांपैकी एका ठिकाणची पेटी उघडली गेली, तरी पुढचे काम मोबाइल फोन काही मिनिटांत करतो. आपल्या काळी फुटलेला पेपर तालुक्याबाहेर जायला वेळ लागत असे. आता तसा वेळ मिळत नाही.

संगणकाधारित परीक्षेत ही वाट बऱ्याच अंशी बंद होते. प्रश्नसंच सांकेतिक स्वरूपात केंद्रावरील सर्व्हरवर पाठवले जातात आणि ते उघडणारी किल्ली परीक्षेच्या अगदी थोडा वेळ आधी दिली जाते. वर्गातील संगणक त्या सर्व्हरला अंतर्गत जाळ्याने जोडलेले असतात. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसतो. शेजाऱ्याच्या पडद्यावर डोकावून फारसे काही हाती लागत नाही.

परंतु महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आठवून पाहावा. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड परीक्षांचे, त्यानंतर म्हाडाच्या भरतीचे आणि शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रकरण पुणे पोलिसांनी उघडकीस आणले. म्हाडाची परीक्षा १२ डिसेंबरला होणार होती, ती आदल्या रात्री रद्द करावी लागली. या प्रकरणांत अटक झाली ती ज्यांच्यावर परीक्षेची जबाबदारी सोपवली होती, त्या खासगी कंपन्यांशी संबंधित व्यक्तींना आणि काही अधिकाऱ्यांना. शिक्षक पात्रता परीक्षेत तर पेपर फोडण्याचीही गरज भासली नाही. अपात्र उमेदवारांना निकालात पात्र दाखवले गेले आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. केंद्र संचालकाने कितीही चोख कस्टडी ठेवली असती, तरी हे थांबले नसते.

संगणकाधारित परीक्षेतही आतल्या माणसाची भीती राहतेच आणि तिच्यात बाहेरच्या माणसाची भर पडते. २०२१ च्या जेईई मेन परीक्षेत काही केंद्रांवरील उमेदवारांच्या संगणकांचा ताबा दुसरीकडे बसलेल्या व्यक्तींनी दूरवरून घेतला आणि उमेदवार पडद्यासमोर नुसता बसून राहिला, असे सीबीआयच्या तपासात पुढे आले. परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केल्याच्या आरोपावरून एका रशियन नागरिकाला २०२२ मध्ये अटकही झाली.

त्यामुळे कागद की संगणक यापेक्षा कामांची विभागणी कशी केली आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रश्न तयार करणारी, परीक्षा घेणारी, गुण मोजणारी आणि या सर्वांची तपासणी करणारी यंत्रणा एकच असेल, तर कितीही भारी सॉफ्टवेअर घेतले तरी उपयोग नाही. उमेदवाराने शेवटचे बटण दाबल्याक्षणी त्याच्या उत्तरांची अंकीय ठसाखूण, म्हणजे एकही उत्तर बदलले तर बदलणारा सांकेतिक आकडा, तयार व्हावी, ती उमेदवाराला आणि एका स्वतंत्र यंत्रणेला तत्काळ मिळावी आणि निकालाच्या वेळी ती पुन्हा ताडून पाहता यावी, एवढी सोय केली तरी शिक्षक पात्रता परीक्षेसारखा प्रकार झाकून ठेवणे फार अवघड होईल. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने नीट प्रकरणानंतर दिलेल्या शिफारशींत एक मधला मार्गही सुचवला आहे: जेथे पूर्ण संगणकीय परीक्षा शक्य नाही तेथे प्रश्नपत्रिका डिजिटल मार्गाने केंद्रापर्यंत पोहोचवावी आणि उत्तरे ओएमआर उत्तरपत्रिकेवर (गोल भरून उत्तर नोंदवण्याच्या, यंत्राने वाचता येणाऱ्या कागदावर) घ्यावीत. छापखाना आणि वाहतूक हे दोन टप्पे त्यामुळे गळतात, आणि उत्तराचा कागदी पुरावा शिल्लक राहतो. ग्रामीण केंद्रांसाठी मला हा मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. १८ जून २०२४ रोजी सुमारे ९ लाख उमेदवारांनी दिलेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पेपर आधीच फुटल्याचे दाखवणारे टेलिग्रामवरील एक छायाचित्र त्याच्या मुळाशी होते. ते परीक्षेआधीचे भासावे म्हणून त्यात फेरफार केला होता, असे नंतर सीबीआय तपासात निष्पन्न झाले. म्हणजे फुटलेला पेपर ओळखण्याइतकेच न फुटलेला पेपर ओळखण्याचे कौशल्यही परीक्षा यंत्रणांकडे असावे लागते.

प्रश्न : पेपरफुटीविरोधी नव्या कायद्यात परीक्षा देणाऱ्या मुलांनाही तुरुंगात टाकतात का? (एक पालक, जत)

उत्तर : सार्वजनिक परीक्षा (अनुचित साधनांना प्रतिबंध) कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्याचा रोख पेपर फोडणारे, उत्तरपत्रिकेत किंवा संगणक यंत्रणेत फेरफार करणारे आणि त्यांच्या टोळ्या यांच्यावर आहे. अशा व्यक्तीला ३ ते ५ वर्षे कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड, संघटित गुन्ह्यासाठी ५ ते १० वर्षे कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड, आणि परीक्षा घेणाऱ्या दोषी कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड व ४ वर्षे बंदी अशी तरतूद आहे. उमेदवारावर मात्र त्या त्या परीक्षा मंडळाच्या नियमांनुसार कारवाई होते. हा कायदा संघ लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका, कर्मचारी निवड आयोग आणि राष्ट्रीय चाचणी संस्था यांच्या परीक्षांना लागू आहे. राज्याच्या परीक्षांसाठी महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये स्वतंत्र विधेयक विधिमंडळात मांडले होते. उमेदवाराने पैसे देऊन पेपर विकत घेतला असेल किंवा दुसऱ्याला आपल्या जागी बसवले असेल, तर इतर फौजदारी कायद्यांखालीही तो अडकू शकतो, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : अर्ज भरताना आधार, केंद्रावर बोटांचे ठसे, पुन्हा चेहऱ्याची तपासणी. डमी उमेदवार पकडण्यासाठी एवढे सगळे आवश्यक आहे का? ही माहिती नंतर कोठे जाते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तपासणी आवश्यक आहे, परंतु ती योग्य ठिकाणी व्हायला हवी. डमी उमेदवाराचा खरा लाभ परीक्षेच्या दिवशी होत नाही. मूळ उमेदवार कागदपत्र पडताळणीला आणि नंतर रुजू व्हायला येतो, तेव्हा होतो. अर्जाच्या वेळी काढलेला फोटो, केंद्रावर घेतलेला ठसा किंवा चेहरा आणि नियुक्तीच्या वेळची व्यक्ती या तिन्हींचा मेळ घातला नाही, तर केंद्राच्या दारात लावलेल्या रांगेला काही अर्थ राहत नाही. शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा यंत्राला वाचता येत नाहीत, म्हणून चेहरा किंवा डोळ्यांच्या बुबुळाची तपासणी असा पर्यायही केंद्रावर असलाच पाहिजे. ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणालाही दारातून परत पाठवता कामा नये. तशी नोंद करून त्याला परीक्षा देऊ द्यावी आणि पडताळणी नंतर करावी.

संघ लोकसेवा आयोगाला आधारद्वारे ओळख पटवण्याची परवानगी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली, तीही ऐच्छिक स्वरूपात. त्याआधीच्या महिन्यात एका परिवीक्षाधीन अधिकाऱ्याची उमेदवारी आयोगाने रद्द केली होती. त्या वेळी आयोगाने २००९ ते २०२३ या काळातील १५ हजारांहून अधिक शिफारसप्राप्त उमेदवारांच्या नोंदी तपासल्या. त्या एका प्रकरणात मर्यादेपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिल्याचे लक्षात न येण्याचे कारण आयोगाने असे दिले की उमेदवाराने स्वतःच्या नावाबरोबर आईवडिलांची नावेही बदलली होती. नाव हीच ओळख मानणाऱ्या यंत्रणेची मर्यादा यावरून दिसते, आणि म्हणून बायोमेट्रिक तपासणीला माझा तत्त्वतः विरोध नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मला काळजी वाटते. ही माहिती बहुतेक वेळा परीक्षा घेणाऱ्या कंत्राटदाराची माणसे गोळा करतात. कंत्राट संपल्यावर ती कोणाकडे राहते आणि कधी नष्ट होते, हे जाहिरातीत लिहिलेले असायला हवे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती ठेवू नये, हे त्याचे एक मूलतत्त्व आहे. माझ्या मते भरतीची प्रक्रिया आणि न्यायालयीन वाद संपेपर्यंत ही माहिती मंडळाच्या स्वतःच्या ताब्यात असावी, कंत्राटदाराकडे एक दिवसही असू नये.

प्रश्न : परीक्षा चालू असताना संगणक बंद पडला तर वाया गेलेला वेळ मिळतो का? (एक उमेदवार, हिंगोली)

उत्तर : मिळायला हवा, आणि बहुतेक प्रणालींत तशी सोय असते. आपण निवडलेले प्रत्येक उत्तर लगेच केंद्रावरील सर्व्हरवर साठवले जाते; दुसऱ्या संगणकावर बसवल्यानंतर आधीची उत्तरे आणि उरलेला वेळ तेथूनच पुढे सुरू होतो. आपण जागेवरून न उठता हात वर करून पर्यवेक्षकाला सांगावे आणि बिघाडाची वेळ केंद्राच्या नोंदवहीत लिहून घेण्याचा आग्रह धरावा. २१ ऑगस्ट २०२३ रोजी तलाठी परीक्षेच्या वेळी सर्व्हरच्या बिघाडामुळे राज्यभरातील उमेदवारांना केंद्राबाहेर ताटकळावे लागले होते. असे काही झाल्यास केंद्रावरच लेखी तक्रार द्यावी. घरी गेल्यावर ई-मेलने केलेली तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

प्रश्न : संगणकावर परीक्षा घेऊनही प्रश्नांमध्ये एवढ्या चुका कशा राहतात? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : संगणक प्रश्न तपासत नाही, तो फक्त दाखवतो. एमएचटी-सीईटीच्या २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि त्या सत्रातील विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. सत्रे वाढली की प्रश्नपत्रिकाही वाढतात, आणि तपासणाऱ्या प्राध्यापकांची संख्या तेवढीच राहिली तर चुका वाढणारच. वर्षभर प्रश्नपेढी तयार करून, प्रश्न आधी अनुभवी शिक्षकांकडून सोडवून घेऊन आणि मराठी व इंग्रजी आवृत्त्या दोन वेगळ्या माणसांनी ताडून पाहिल्यावरच ते प्रणालीत घालावेत. निविदेत संगणकांची संख्या आणि कॅमेरे यांविषयी पानेच्या पाने असतात. प्रश्न तपासणाऱ्यांना किती मानधन आणि किती दिवस मिळतील, यालाही तेवढेच महत्त्व मिळावे.

प्रश्न : एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. हजारो उत्तरपत्रिका निःपक्षपातीपणे तपासण्यासाठी संगणकाचा काही उपयोग होईल का? आणि तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आम्हाला आहे का? (एक उमेदवार, पुणे)

उत्तर : होईल, पण मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या अनुभवाकडे दुर्लक्ष केले नाही तरच. विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने घेतला. प्राध्यापकांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते आणि छोट्या प्रमाणावर चाचणीही झालेली नव्हती. ३१ जुलैची मुदत उलटूनही निकाल लागले नाहीत, परदेशी आणि इतर विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर बराच काळ पडद्यावरील तपासणी हा शब्द काढला तरी मुंबईतील प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडत.

पद्धत मात्र मुळात चांगली आहे. एकाच उत्तराला दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण देणे, ठरावीक मर्यादेपेक्षा फरक पडला तर ते उत्तर आपोआप तिसऱ्याकडे जाणे, बेरजेची चूक न होणे आणि एखादे उत्तर तपासायचे राहून न जाणे, हे सर्व कागदावर करणे खर्चिक असते. पडद्यावर ते सहज होते. परीक्षक कडक आहे की सैल, हे पाहण्यासाठी आधी गुण ठरवलेल्या काही उत्तरपत्रिका त्याच्या गठ्ठ्यात मिसळता येतात. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत १,७५० गुण लेखी आणि २७५ मुलाखतीचे आहेत, त्यामुळे परीक्षकानुसार पडणारा ५-१० गुणांचा फरक कोणाचे तरी पद बदलू शकतो. विषयाचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासावे अशी सूचनाही एका पत्रात आहे. ती मी स्वीकारणार नाही. मराठी हस्ताक्षर वाचण्यात यंत्र चुकले, तर ती चूक कोणाच्या नावावर लिहायची हे ठरत नाही, आणि निवड परीक्षेत प्रत्येक गुणामागे उत्तरदायी माणूस असायलाच हवा.

उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्काबाबत आपण विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल असा निकाल दिला होता; परंतु २०१८ मध्ये नागरी सेवा परीक्षेच्या संदर्भात गुणांचा तपशील देण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला. स्पर्धा परीक्षांचे प्रश्न गुंतागुंतीचे असतात हे मान्य आहे. तरी उत्तरपत्रिका एकदा स्कॅन झाली की उमेदवाराला तिची प्रत त्याच्या खात्यात दाखवण्यासाठी जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून ‘प्रशासकीय अडचण’ हे कारण आता पुरेसे वाटत नाही.

प्रश्न : एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या तर आम्ही काय करायचे? आणि प्रत्येक भरतीसाठी नव्याने हजार रुपये भरायचे का? (दोन उमेदवारांचे संयुक्त पत्र, परभणी)

उत्तर : ऑगस्ट २०२४ मध्ये असेच झाले होते. राज्यसेवा पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टला ठेवली होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसची बँक लिपिक पदाची परीक्षा होती. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती १ डिसेंबरला झाली. इतक्या मोठ्या आंदोलनाचा हा विषय नव्हता. सर्व भरती मंडळांनी आपल्या तारखा एका सामायिक ऑनलाइन वेळापत्रकात आधी नोंदवल्या, तर एका कारकुनाच्याही ते लक्षात येईल. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा हीच आहे.

शुल्काबाबत आपले म्हणणे रास्त आहे. तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते. एकदाच नोंदणी करून अनेक परीक्षा देण्याची सोय संघ लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये केली, पण नोंदणी एकदा केली तरी शुल्क प्रत्येक परीक्षेचे वेगळे असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय भरती संस्थेला आणि तिच्यामार्फत होणाऱ्या सामायिक पात्रता परीक्षेला मंजुरी दिली होती. प्रत्येक जिल्ह्यात केंद्र असेल असे तेव्हा जाहीर झाले होते. घोषणेनंतर कित्येक वर्षे ती परीक्षा झालीच नाही. परभणीच्या उमेदवाराला संगणकीय परीक्षेसाठी दुसऱ्या जिल्ह्यात मुक्काम करावा लागतो, तेव्हा त्या दिवसाचा खर्च शुल्काच्या दुप्पट होतो. जिल्हा मुख्यालयी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि आयटीआय येथील संगणकांवर कायमस्वरूपी शासकीय केंद्रे उभी केली, तर प्रवास आणि खासगी केंद्रांवरील अवलंबन हे दोन्ही कमी होतील.

प्रश्न : माझी दृष्टी अंशतः गेली आहे. पडद्यावरच्या परीक्षेत मला लेखनिक घेता येतो का? (एक उमेदवार, चिपळूण)

उत्तर : येतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र उमेदवाराला दर तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकाची सोय केवळ ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. अर्ज भरताना हा रकाना न विसरता भरावा, कारण नंतर बदल करून मिळणे कठीण असते. अक्षरांचा आकार आणि पार्श्वभूमीचा रंग बदलण्याची सोय आहे का, हे सराव चाचणीत तपासून घ्यावे. प्रश्न चित्राच्या रूपात दाखवले असतील तर पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाहीत, म्हणून मजकूर हा मजकूर म्हणूनच दाखवण्याची अट प्रत्येक निविदेत असायला हवी.

प्रश्न : उत्तरतालिकेवर हरकत घ्यायलाही पैसे लागतात. हे योग्य आहे का? (अनेक वाचक)

उत्तर : निष्कारण हरकतींचा पूर येऊ नये म्हणून नाममात्र शुल्क ठेवणे मी समजू शकतो. नीट आणि जेईई मेनमध्ये प्रत्येक प्रश्नासाठी २०० रुपये घेतात आणि ते परत मिळत नाहीत. हरकत बरोबर ठरली तर ती चूक मंडळाची होती हे सिद्ध झालेले असते. अशा वेळी ते पैसे उमेदवाराला त्याच खात्यात परत गेले पाहिजेत. हरकतींची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते. म्हणून उत्तरतालिका जाहीर झाल्याच्या दिवशीच आपली प्रतिसादपत्रिका (आपण निवडलेल्या उत्तरांची नोंद) उतरवून घ्यावी, तिची प्रत दुसऱ्या ठिकाणीही जपून ठेवावी आणि हरकतीसोबत पाठ्यपुस्तकातील किंवा प्रमाण ग्रंथातील पान जोडावे. मार्गदर्शन वर्गाच्या नोट्स पुरावा म्हणून सहसा ग्राह्य धरल्या जात नाहीत.